वाळूजचं जपान
एकेकाळी बजाजची चेतक नोंदवली की ती दारात यायला वर्षं लागायची. गाडी मिळाली हेच नशीब, मग तिच्या गुणवत्तेची चौकशी कोण करणार? १९८५ साली आमच्या शहराजवळ, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजचा कारखाना सुरू झाला तो अशा काळात. पण त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि गिऱ्हाईक निवड करू लागलं.

मग एमआयडीसीत जपानी शब्द आले: कायझेन, फाइव्ह एस, पोका-योके. आमच्या गल्लीतले कामगार काका हे शब्द घरच्या शिव्यांइतके सहज वापरत. पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. तुमच्या सिमकार्डाचा कापलेला कोपरा आठवा, तेच ते. शेवटी तपासून माल फेकण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या जागीच चूक अडवायची. कास्टिंग देणाऱ्या छोट्या शेडवाल्यानंसुद्धा.

१९५० मध्ये जपानला हे शिकवायला गेलेल्या डेमिंगने पुढे चौदा मुद्दे मांडले. त्यातला एक: कामगारांच्या मनातली भीती घालवा. नेमका तोच आपल्याकडे मागे राहिला, असं मला वाटतं. कायद्याने सलग नोकरी मोजायला २४० दिवस लागतात, म्हणून कितीतरी कंत्राटी पोरांना त्याआधीच ब्रेक मिळतो. सातव्या महिन्यात घरी जाणारा पोरगा लाइन थांबवून ‘इथं चुकतंय’ म्हणेल? फार तर सूचनापेटीत चिठ्ठी टाकेल. तीही सुपरवायझर अक्षर ओळखणार नाही, याची खात्री असेल तर.