वाङ्मयाच्या परीक्षेतील गुणमान

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने केशवसुतांच्या काव्यदृष्टीवर लिहिलेल्या निबंधास शंभरांपैकी अठ्ठावन्न गुण द्यावेत की बासष्ट, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटला, तरी साठाच्या अलीकडे दुसरा वर्ग आणि पलीकडे पहिला, ही वाटणी आपल्याकडे इतकी रुजली आहे की त्या चार गुणांवर एखाद्याची प्राध्यापकी अडून राहू शकते.

पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेसाठी पुण्यास जमणाऱ्या शास्त्रीमंडळींची परीक्षा होई आणि विद्वत्तेच्या मानाने रकमेत कमीअधिकपणा ठेवला जाई. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उत्तरपत्रिकेवर अंक मांडण्याचा नवा शिरस्ता सुरू झाला. या विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते. त्यांचे चरित्रकार सांगतात की, विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची तुलना इंग्रजी अमलाशी करून इंग्रजी अमलास उणे ठरविले, तेव्हा त्यांच्या बुद्धिमत्तेचे चाहते असलेले प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनीच त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने तहकूब केली. लेखनाचा कस आणि लेखकाचे मत यांची फारकत करणे ग्रँटसाहेबांसारख्या विद्वानासही साधले नाही, ही गोष्ट प्रत्येक परीक्षकाने ध्यानी बाळगण्याजोगी आहे. पुढे याच रानड्यांच्या खटपटीने, विसाव्या शतकाच्या आरंभी, एम्. ए.च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला.

अंक निश्चित दिसतो. पण त्यामागचा निर्णय कितपत निश्चित असतो, याची झडती प्रथम इंग्लंडात घेतली गेली. एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लॅटिन गद्याच्या एकाच उताऱ्याचा दाखला आहे. तो अठ्ठावीस जाणत्या परीक्षकांनी तपासला, तेव्हा कोणी ४५ गुण दिले, तर कोणी पुरते १००. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टोग यांनी ऱ्होड्स यांच्यासह १९३५ मध्ये याहून बोचरा पुरावा मांडला. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी वर्षा-दीडवर्षाच्या अंतराने पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय त्याच परीक्षकांच्या हातून बदलले.

हे परीक्षक निष्काळजी होते असे मला वाटत नाही. एकाला संहितेतील स्थळांचे अचूक दाखले मोलाचे वाटतात, दुसऱ्याला युक्तिवादाची बांधणी, तिसऱ्याला विद्यार्थ्याची स्वतंत्र दृष्टी; आणि वाङ्मयाच्या अभ्यासात हे तिन्ही गुण खरे असल्यामुळे त्यांतील कशाला किती वजन द्यावे हे आधी ठरल्याखेरीज तिघांचे अंक एका मापाचे होऊच शकत नाहीत. पदव्युत्तर पातळीवर तर ही अडचण वाढते, कारण तेथे आपण विद्यार्थ्याकडून स्वतःच्या मताची अपेक्षा करतो, आणि ते मत परीक्षकाच्या मताविरुद्ध जाण्याचा संभव पदोपदी असतो.

राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात विद्यापीठीय सुधारणांमध्ये परीक्षासुधारणेला अग्रस्थान दिले, पहिल्या वर्गाची रेषा सत्तरावर, दुसऱ्याची पंचावन्नावर आणि तिसऱ्याची चाळिसावर आखण्याची शिफारस केली आणि कृपागुणांची पद्धत बंद करावी असे बजावले. आयोगाने सुचविलेली सत्तराची रेषा आपल्याकडे रुजली नाही. नंतर अंकांच्या जोडीला अक्षरे आली, २०१५ च्या सुमारास दहा श्रेणिगुणांची पद्धत आली. परंतु बहुतेक ठिकाणी अक्षराचा उगम अंकातच राहिला, आणि अंकाचे कारण पूर्वीप्रमाणेच परीक्षकाच्या मनात.

माझे मागणे लहान आहे. पदव्युत्तर वाङ्मयवर्गांपुरती तरी विद्यापीठांनी अशी तजवीज करावी की, कसोट्या आणि त्यांचे वजन वर्षारंभी विद्यार्थ्यांना सांगितले जाईल, प्रत्येक निबंध दोघे परीक्षक एकमेकांचे गुण न पाहता तपासतील, मोठी तफावत पडल्यास एकत्र बसून निर्णय करतील आणि अंकाखाली त्याचे कारण चार ओळींत लिहितील. आणि या कामासाठी परीक्षकांना पुरेसा अवधी व वाजवी मेहनताना देण्यात यावा.