मुलांचा ताकदीचा व्यायाम : घरच्या घरी, पण बेताने

दहा-अकरा वर्षांचा मुलगा वडिलांचे डंबेल उचलू पाहतो आणि स्वयंपाकघरातून हाक येते, ‘ठेव ते खाली, उंची खुंटेल!’ हा प्रसंग आपल्याकडील घरांना नवा नाही. गंमत अशी, की तोच मुलगा पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर सोसायटीच्या जिममध्ये जाऊ लागतो, पहिल्याच आठवड्यात पेलवेल त्याहून अधिक वजन छातीवर घेतो आणि प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी पैसे मागतो. तेव्हा त्याला अडवणारे कोणी नसते. आधीची भीती अनाठायी असते आणि नंतरची घाई धोक्याची. या दोहोंच्या मधली जी चार-पाच वर्षे शरीर कसे वाकवावे, कसे उचलावे, कोठे थांबावे हे शिकण्यासाठी सर्वांत योग्य असतात, ती मात्र तशीच निघून जातात.

उंची खुंटण्याच्या भीतीला काही आधार होता, हे मान्य करावयास हवे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. त्याला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. हाड लांबीने वाढते ते याच ठिकाणी. हा थर आजूबाजूच्या पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो आणि साधारणपणे मुलींमध्ये १३ ते १५ व मुलग्यांमध्ये १५ ते १७ या वयात त्याचे हाडात रूपांतर होते. १९७० व १९८०च्या दशकांत वजने उचलणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये या थराला इजा झाल्याच्या काही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. त्यांतील बहुतेक मुले कोणाच्या देखरेखीशिवाय, चुकीच्या पद्धतीने आणि झेपेल त्याहून जास्त वजन डोक्यावर उचलत होती. नोंदींतील हा तपशील मागे पडला आणि ‘वजनाने उंची खुंटते’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पुढील काळातील अभ्यासांत, जाणत्या व्यक्तीच्या नजरेखाली बेताने केलेल्या व्यायामाने उंची कमी झाल्याचे आढळलेले नाही. २०१४ मध्ये विविध देशांच्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे मांडलेली भूमिका आणि २०२० मधील अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा अहवाल, दोन्ही हेच सांगतात. शिवाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांवर येणारा भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट असतो. त्या उडीला आपण ‘खेळ’ म्हणतो आणि किलोभर वजनाला ‘धोका’!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचालींचा समावेश असावा. पूर्वी झाडावर चढणे, विहिरीचे पाणी ओढणे, रस्सीखेच यांतून हा वाटा आपोआप पुरा होत असे. सदनिकेत राहणाऱ्या, शाळेच्या बसने जाणाऱ्या आणि संध्याकाळी शिकवणीला बसणाऱ्या मुलाला तो मुद्दाम द्यावा लागतो. मुलींच्या बाबतीत तर अधिक आग्रहाने. हाडांची घनता मुख्यतः विशीच्या आतच साठवली जाते. उतारवयातील ठिसूळ हाडांचा त्रास स्त्रियांमध्ये जास्त दिसतो आणि नेमक्या मुलींनाच वयात आल्यावर ‘आता उड्या मारू नकोस’ असे ऐकावे लागते.

स्नायू फुगत नाहीत, तरी ताकद वाढते

वयात येण्यापूर्वी मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक फारच अल्प असते. त्यामुळे कितीही व्यायाम केला तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे दंड फुगणार नाहीत. तरीही आठ ते बारा आठवड्यांच्या नियमित सरावाने, आधी असा व्यायाम न केलेल्या मुलांची ताकद साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढलेली आढळते. ही वाढ होते ती मज्जासंस्थेच्या शिकण्यातून. स्नायूंतील अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावणे, परस्परविरोधी स्नायूंचा मेळ घालणे, तोल सांभाळणे हे मेंदू आणि मज्जातंतू शिकतात. म्हणूनच या वयात वजनापेक्षा हालचालीची शुद्धता महत्त्वाची. चुकीची हालचाल शंभर वेळा केली, तर मेंदू तीही तितक्याच निष्ठेने पाठ करतो. व्यायाम बंद पडला की सुमारे सहा आठवड्यांत कमावलेले बरेचसे ओसरते. सहामाही परीक्षेच्या काळात सगळे सोडून देणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. त्या दिवसांत आठवड्याला एकदा केले तरी काही प्रमाणात टिकते.

आपल्याकडील तालमींना हे निराळ्या भाषेत ठाऊक होते. तेथे लहान मुलांच्या हाती लोखंड न देता जोर, बैठका, मलखांब यांपासून, म्हणजे स्वतःच्याच शरीराच्या वजनापासून सुरुवात होई. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाचे पुनरुज्जीवन केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांपर्यंत पोचवले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) यांनी मुलामुलींच्या कित्येक पिढ्या घडवल्या. या परंपरेतील एक गोष्ट मात्र घरी आणू नये. ती म्हणजे आकड्यांची चढाओढ. ‘आमच्या वेळी आम्ही पाचशे जोर काढायचो’ हे ऐकून मुलाने वाकड्या कंबरेने पन्नास काढण्यात काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट शाळेकडून आलेली. उठाबशा ही आपल्याकडे शिक्षा आहे. एक उत्तम व्यायाम आपण पिढ्यान्‌पिढ्या अपमानाशी जोडून ठेवला. निदान घरी तरी चुकीबद्दल बैठका काढायला लावू नयेत.

सुरुवात केव्हा करावी? वयाचा आकडा कोणी ठामपणे सांगत नाही. पण तोल आणि शरीराच्या स्थितीचे भान सात-आठ वर्षांच्या सुमारास पुरेसे पक्के होते. सांगितलेली सूचना ऐकून तशी कृती करता येते, ‘दुखते’ आणि ‘दमलो’ यांतला फरक सांगता येतो आणि मूल स्वतःहून तयार आहे, एवढे जमले की पुरे. त्याआधी अस्वलासारखे चार पायांवर चालणे, बेडूकउड्या, बागेतील कमानीला लोंबकळणे हाच व्यायाम.

काय करावे, कसे करावे

जागा म्हणून सतरंजी किंवा योगासनांची चटई अंथरण्यापुरता कोपरा पुरतो. फरशीवर मोजे घालून व्यायाम करू देऊ नये, पाय घसरतो, अनवाणी उत्तम. आरंभी पाच-सात मिनिटे जागच्या जागी धावणे, हातपाय फिरवणे किंवा तीन-चार संथ सूर्यनमस्कार घालून अंग गरम करावे.

पहिला व्यायाम बैठकेचा, आणि त्यासाठी लागते फक्त खुर्ची. मुलाला खुर्चीसमोर पाठ करून उभे करावे. पाय खांद्यांइतके अंतरावर, टाचा जमिनीला टेकलेल्या. खुर्चीवर बसत असल्याप्रमाणे कंबर मागे नेत सावकाश खाली यावे, बूड खुर्चीला लागताच पुन्हा उभे राहावे. हातांचा आधार नाही, झोका नाही. समोर उभे राहून पालकांनी केवळ गुडघ्यांकडे पाहावे. ते आत एकमेकांकडे झुकत असतील, तर पायांच्या बोटांच्या दिशेने राहतील असे सांगावे. मुलींमध्ये किशोरवयात हा दोष अधिक दिसतो आणि उडी मारून उतरताना गुडघा दुखावण्याशी त्याचा संबंध आहे. तालमीतील बैठकेत टाचा उचलल्या जातात, वेगही असतो. ती पुढची पायरी. उकिडवे बसण्याची सवय कमोड आणि जेवणाच्या टेबलामुळे शहरी घरांतून जवळजवळ गेलीच आहे. तेव्हा पूर्ण खाली बसता न येणारे मूल दिसले तर नवल वाटू देऊ नये. खुर्चीऐवजी हळूहळू ठेंगणे स्टूल, मग पाट असे उतरत जावे.

दुसरा जोराचा. थेट जमिनीवर जोर काढायला लावले, की बहुतेक मुलांची कंबर लोंबते आणि मान पुढे येते. म्हणून आधी भिंतीला हात टेकून, ते सहज जमले की स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला, मग हलणार नाही अशा एखाद्या ठेंगण्या आधारावर आणि अखेरीस जमिनीवर. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखे सरळ राहिले पाहिजे, ही एकच अट. श्वास रोखून धरू देऊ नये. मोठ्याने आकडे मोजायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो.

ओढण्याचा व्यायाम घरी सर्वांत दुर्लक्षित राहतो. दारात बसवायचे लोखंडी दांडके मिळते. पण केवळ दाबावर अडकणारे दांडके निसटू शकते. स्क्रूने पक्के केलेले घ्यावे आणि दर वेळी मोठ्या माणसाने आधी स्वतः लटकून पाहावे. खिडकीची किंवा बाल्कनीची जाळी यासाठी कदापि वापरू देऊ नये. त्याहून सोपा उपाय म्हणजे आई किंवा वडिलांनी मुलासमोर सतरंजीवर बसावे, तळव्याला तळवे लावावेत आणि एका जुन्या टॉवेलची दोन टोके धरून आळीपाळीने सावकाश ओढावे. किती ताण द्यायचा हे पालकांच्या हातात राहते, आणि मुलांना हा खेळच वाटतो.

याला पोट व पाठीसाठी सेतुबंधासन आणि कोपरांवर शरीर दहा-पंधरा सेकंद तोलून धरणे, तसेच वजन घेऊन चालणे यांची जोड द्यावी. चालण्यासाठी पाण्याच्या बादल्या सुचतात खऱ्या, पण सांडलेले पाणी आणि फरशी यांचा मेळ वाईट. दोन मजबूत कापडी पिशव्यांत एकेक किलो तूरडाळ भरून, खांदे मागे व मान सरळ ठेवून घरात फेऱ्या माराव्यात. मुलाच्या पाठीवरचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे असे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटले आहे. ते दप्तर एकदा घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावे. डाळीच्या पिशव्यांची धास्ती कमी होईल.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे एवढे पुष्कळ झाले. आरंभी प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, एक किंवा दोन आवर्तने. आकडा पुरा करण्याचा हट्ट धरू नये. हालचाल बिघडू लागली की तेथेच थांबावे. १२ ते १५ वेळा सहज होऊ लागले, तर भार सुमारे १० टक्क्यांनी वाढवावा. किलोच्या पिशवीत शंभर ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाऊण वाटी डाळ! एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येते याची परीक्षा घरात घेऊ नये, भावंडांत तर नाहीच.

खरी इजा कोठे होते

अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदींचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या व्यायामाने जखमी झालेल्या ८ ते १३ वर्षांच्या मुलांत सुमारे दोन-तृतीयांश इजा हातापायांच्या पंजांना होत्या, आणि त्यांचे मुख्य कारण होते वजन पायावर पडणे किंवा बोट चिमटणे. अर्थात, दुखापत व्यायामाने नव्हे, तर मोकळ्या पडलेल्या सामानाने होते. घरात डंबेल असतील, तर ती वापरानंतर कपाटात बंद करावीत. ट्रेडमिलची किल्ली काढून ठेवावी. रबरी पट्ट्यांना चीर गेली आहे का हे ताणण्यापूर्वी पाहावे. तुटलेली पट्टी डोळ्यावर बसते.

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या किंवा दंड थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणे, रात्री दुखून जाग येणे, लंगडणे, सूज ही लक्षणे मात्र डॉक्टरांना दाखवण्याची. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात अनेक मुलांना गुडघ्याच्या वाटीखालील हाडाच्या उंचवट्याशी दुखते. त्या दिवसांत उड्या आणि खोल बैठका कमी कराव्यात. याच काळात मूल एकाएकी वेंधळे वाटू लागते, कारण हातपाय लांबले तरी मेंदूचा अंदाज जुनाच असतो. तेव्हा भार वाढवण्याऐवजी दोन पायऱ्या मागे यावे.

हृदयाच्या स्नायूचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स, फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब, मार्फान सिंड्रोम, किंवा कर्करोगावर पूर्वी झालेली केमोथेरपी यांपैकी काही असल्यास तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय प्रारंभ करू नये. व्यायाम करताना चक्कर येणे, छातीत दुखणे किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झालेला असणे, हेही आधी सांगावे. स्थूल मुलांना मात्र हा व्यायाम विशेष मानवतो. धावण्यात ती मागे पडतात, हिणवली जातात. ताकदीत ती बहुधा वर्गात पुढे असतात, आणि हे त्यांना कळणे फार मोलाचे असते.

राहिला प्रोटीन पावडरचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळावीत असे स्पष्ट सांगितले आहे. वरण-भात, उसळ, दूध-दही, अंडे, शेंगदाण्याची चटणी या रोजच्या जेवणातून वाढत्या मुलाची गरज भागते, मात्र ताटात भाताच्या मानाने वरण-उसळीचा वाटा बेताचा असतो, तो थोडा वाढवावा. पंधरा वर्षांचा मुलगा हट्टाला पेटला असेल, तर डब्याची किंमत आणि तेवढ्या पैशांत येणारी अंडी किंवा दूध यांचा हिशेब त्यालाच कागदावर मांडायला सांगावा.