हवा मानवणे

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड नावाचे गाव आहे आणि तेथे राजमाता जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष व त्यांची समाधी आजही पाहावयास मिळते. गडावरची गार, वाऱ्याची हवा मातुःश्रींना उतारवयात मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी गडाखाली त्यांच्यासाठी हा वाडा बांधविला, असे परंपरा सांगते. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे देहावसान झाले तेही पाचाडलाच. दुर्गमता, विस्तार आणि मोक्याची जागा या साऱ्या कसोट्यांवर पारखून जो गड राजधानी म्हणून पसंत केला, तोच गड राजाच्या मातेच्या देहाला सोसला नाही. आणि राजाने गडाला दोष दिला नाही, मातेला आग्रहही केला नाही, तर गडाच्या छायेत पण गडाच्या वाऱ्याबाहेर एक घर उभे केले. हवेसंबंधी इतका समंजस निर्णय इतिहासात क्वचितच आढळतो.

या समंजसपणाची खूण आपल्या भाषेतच आहे. अमक्या गावची हवा चांगली, तमक्या गावची वाईट, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो खरे. परंतु खरोखरीचा अनुभव सांगावयाचा असला म्हणजे मराठी माणूस ‘मला तिकडची हवा मानवली’ किंवा ‘मुलाला तिथले पाणी बाधले’ असे म्हणतो. मानवणे, बाधणे, सोसणे या क्रियापदांना चतुर्थीची अपेक्षा असते; कोणाला मानवली हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. प्रदेशाप्रदेशांच्या हवेची प्रतवारी लावण्याची मनुष्याची हौस फार पुरातन आहे, आणि आपल्या प्रांतातील त्या प्रतवारीचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, ही चतुर्थी केव्हा पाळली गेली व केव्हा गाळली गेली याचाच इतिहास होय.

प्राचीन वैद्यकाने ती कसोशीने पाळली. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार कल्पिले : कोरडा व मोकळा तो जांगल देश, पाणथळ व दमट तो आनूप, आणि दोहोंचे गुण समप्रमाणात असलेला तो साधारण. चरकसंहितेतील या वर्णनाची मौज अशी की, तेथे उष्णतेचे माप नाही की पावसाचे नाही. देश ओळखावयाचा तो त्याच्या झाडांवरून, पाखरांवरून आणि माणसांच्या अंगलटीवरून. खैर, असाणा, धावडा, बोर आणि आवळा जेथे वाढतात व जेथील माणसे काटक असतात, तो जांगल. जेथे नारळी आणि केळी डोलतात, जलचर पक्ष्यांचे थवे उतरतात व जेथील शरीरे सुकुमार असतात, तो आनूप. विसाव्या शतकाच्या आरंभी कोपेन या शास्त्रज्ञाने जगाच्या हवामानाची जी विभागणी रूढ केली, तिचाही आधार वनस्पतीच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या वैद्यांच्या निरीक्षणाविषयी आदर दुणावतो. कोकण आणि देश यांच्यामधला घाट एकदा जरी कोणी पायी उतरला असेल, त्याला हे आनूप-जांगल प्रकरण पाठ करावे लागणार नाही.

परंतु चरकाचे मोठेपण याही पुढचे आहे. संहितेच्या विमानस्थानात असा प्रसंग आहे की, ग्रीष्म सरत असता भगवान पुनर्वसू आत्रेय कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी शिष्यांसह वनात फिरत आहेत आणि अग्निवेश त्यांना विचारतो की, ज्यांची प्रकृती, आहार, वय, बल ही सर्व भिन्न, अशी माणसे एकाच रोगाने एकाच वेळी कशी मरतात? आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांना समान असतात. ती बिघडली म्हणजे भेद उरत नाही. सर्वांना सारखीच घातक अशी हवा असते, हे येथे मान्य आहे. पण ती आपत्तीची हवा. नित्याच्या हवेचा निवाडा मात्र सात्म्यावर, म्हणजे त्या त्या देहाला काय सवयीचे व काय सुखावह आहे, यावर सोपविलेला आहे.

पुढे फारसीच्या अंमलात ‘आब-ओ-हवा’ हा जोडशब्द आला. आपण त्याची अदलाबदल करून ‘हवापाणी’ म्हणतो. याच काळात परक्या भूमीच्या हवेवर एका विजेत्याने लिहिलेला अभिप्राय आपल्याला उपलब्ध आहे. पानिपत जिंकून १५२६ च्या उन्हाळ्यात आग्र्यास पोहोचलेल्या बाबराच्या सरदारांना तो उकाडा इतका असह्य झाला की पुष्कळांनी काबूलला परतण्याचा धोशा लावला, आणि बाबराला ख्वाजा कलान या मातबर सरदारास निरोप द्यावा लागला. बाबराने आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या हवेविषयी तक्रारी नोंदविल्या, तशी पावसाळ्यातील हवेची स्तुतीही केली. मात्र त्या दिवसांतील दमटपणाने आपल्याकडची धनुष्ये निकामी होतात, पुस्तके आणि कापडही खराब होते, हेही लिहिले. योद्ध्याने हवा जोखली ती धनुष्यावर. तो स्वतः मात्र परतला नाही. यमुनेकाठी पाण्याचे पाट खेळविलेला बाग उठवून त्याने आपल्या पसंतीची थोडी हवा येथेच निर्माण केली.

हवेची पारख केवळ राजांनी आणि वैद्यांनीच केली असे मात्र नव्हे. माण, खटाव, फलटण या पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखातले मेंढपाळ धनगर पिढ्यानुपिढ्या दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भातकापणी झालेल्या शेतांत मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य घेतात, आणि मृगाच्या आत पुन्हा घाट चढून देशावर येतात. कारण कोकणातील धुवाधार पावसात मेंढराची लोकर वाळत नाही आणि चिखलात त्याचे खूर कुजतात. येथे चतुर्थी मेंढराची आहे. कोणत्याही मुलखाला बरा-वाईट असा शिक्का न मारता, कोणता मुलूख कोणत्या महिन्यात कोणत्या जिवाला मानवतो, एवढे जाणून धनगरांनी आपला वर्षाचा मार्ग आखला.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्याच्या सरकारने नेमका असाच मार्ग आखला, आणि त्याचे खरे मूळ विलायती देहाची असोशी हेच होते. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वराच्या पठारावर चढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याला तेथील हवा इतकी पसंत पडली की १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून, वाई प्रांतातील खंडाळे गावाच्या बदल्यात, त्याने ती जागा सरकारात घेतली. तेथील पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. कालांतराने शिरस्ता असा ठरला की, हिवाळ्यात गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम मुंबईस, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास. पुण्याच्या या मुक्कामासाठी सर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गणेशखिंडीतील प्रासादाचे काम सुरू झाले. आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच. साहेबाबरोबर दफ्तरे हलत, कारकून हलत, शिपाई आणि खानसामे हलत. तिकडे नागपूरचे सरकार उन्हाळ्यात पंचमढी गाठी. धनगर आणि गव्हर्नर दोघेही ऋतूंच्या मागे फिरत होते. भेद एवढाच की धनगराचा संसार त्याच्याच घोड्यावर लादलेला असे आणि गव्हर्नराचा दुसऱ्यांच्या खांद्यावर.

मग एकामागून एक गिरिस्थाने नकाशावर आली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने माथेरानची वाट धरली, आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या द्रव्यबळाने नेरळहून तेथे चिमुकली आगगाडी चढू लागली. जॉन चेसनने पाचगणी वसविली. तेथे शाळा निघाल्या. वऱ्हाडात चिखलदरा नावारूपाला आला. याच काळात हवेला आकडे चिकटले. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकर त्या इमारतीला अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. कॅम्पबेलने संपादिलेल्या जिल्हावार गॅझेटिअरांत जमाबंदी आणि जातींच्या वर्णनाशेजारी हवेलाही आपला परिच्छेद मिळाला. या आकड्यांचे उपकार मोठे आहेत. महाबळेश्वरी वर्षाला सुमारे २५० इंच पाऊस, पूर्वेस पाचसहा कोसांवरच्या पाचगणीत सुमारे ७०, आणि घाट उतरताच वाईस जेमतेम ३०, हे सह्याद्रीचे आश्चर्य मोजमापावाचून आपल्याला एवढ्या स्पष्टपणे दिसले नसते. परंतु कोष्टकात चतुर्थीला रकाना नसतो. ‘आरोग्यदायी’ आणि ‘रोगट’ अशी दोन विशेषणे गावांना कायमची चिकटली, आणि ती ठरविणारा देह कोणाचा होता, हे वाचणारे विसरले.

आपल्या सुशिक्षित समाजानेही ती प्रतवारी उचलली. ‘हवापालट’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी आणि घरोघरच्या पत्रांत रुळला. देवळाली, लोणावळे, माथेरान येथे ज्ञातीज्ञातींची आरोग्यभुवने उभी राहिली, आणि मुंबईच्या चाळीतील बिऱ्हाडे पितळेची भांडी व गाद्यांच्या वळकट्या घेऊन महिनाभर तेथे राहू लागली. क्षयरोग्याला तर हवा हेच औषध होते. पाचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम काढले, मिरजेजवळ डॉ. वानलेस यांच्या नावाचे उभे राहिले, आणि कोरड्या हवेत व्हरांड्यातील खाटांवर कित्येक तरुण आयुष्ये दिवस मोजीत पडून राहिली. ज्यांना हा खर्च झेपत नव्हता, त्यांच्या घरी हवेच्या या प्रतवारीने आजाराच्या दुःखात अपराधाची भर घातली. ‘डोंगरावर नेले असते तर वाचला असता’, हे वाक्य एका पिढीने आयुष्यभर उरात वागविले.

या वाक्याला उत्तर मिळाले ते मद्रासेत. १९५६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या क्षय-औषधोपचार केंद्राने रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात विश्रांती, सकस अन्न आणि शुश्रूषा यांसह औषध दिले, तर दुसऱ्याला तेच औषध शहरातील दाट, दरिद्री वस्तीतल्या स्वतःच्या घरी. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषध नियमाने घेतले तर वर्षाअखेर दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखे अंतर उरले नाही. रोग बरा करण्याचे ओझे हवेच्या शिरावरून उतरले, आणि आरोग्यधामांच्या खाटा क्रमाक्रमाने रिकाम्या झाल्या. हा निष्कर्ष मला हवेचा पराभव वाटत नाही. ज्या मातेने मुलाला डोंगरावर नेता आले नाही म्हणून स्वतःला दोष दिला, तिची ही निर्दोष मुक्तता होती; आणि हवेचीही मुक्तता होती, कारण यापुढे एखाद्या गावची हवा आवडण्यासाठी ती औषधी असण्याची गरज उरली नाही. कोकणातल्याला पुण्याचा कोरडेपणा ओठांवर टोचतो, सोलापूरकराला रत्नागिरीच्या घामाने गुदमरायला होते, नागपूरकराला मुंबईचा हिवाळा हिवाळाच वाटत नाही. ही सारी मते एकाच वेळी खरी असू शकतात.

महाबळेश्वराविषयी एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. पहिल्या सरींबरोबर गव्हर्नराचा लवाजमा घाट उतरे, बंगल्यांना कुलपे लागत, पेठ ओस पडे, आणि गिरिस्थानाचा हंगाम संपला असे मानले जाई. त्यानंतरच त्या २५० इंचांतील बहुतेक पाऊस कोसळे. भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधून, सरपण आणि धान्य घरात भरून, धावड, कोळी, कुणबी आणि धनगर यांची कुटुंबे त्या धुक्यात चार महिने राहत आली आहेत. त्यांच्या मुलांचे जन्म, नाचणीची लावणी, चुलीपुढच्या रात्री या सर्व त्याच हवेतल्या. ज्या ऋतूत सरकारने ते स्थान राहण्यास अयोग्य ठरविले, त्याच ऋतूत ते त्यांचे घर होते. हवा मानवणे याचा जुना अर्थ त्या ताट्यांआड टिकून राहिला.