वाचलेला सिनेमा

दिवाळीच्या तोंडावर माळा साफ करणे हे काम घरात नेहमी सर्वांत निरुपयोगी माणसाकडे सोपवले जाते, आणि शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून तो मान आमच्या घरी माझा आहे. गेल्या वर्षी परभणीच्या आमच्या जुन्या घराचा माळा उपसताना आत्याची पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत दोन पोथ्या, एक जपमाळ, एक कात्री आणि बाकी सारी कात्रणे. ती पाहताच घरातली मंडळी ‘रद्दी’ म्हणून मोकळी झाली. मी मात्र जन्मभर मुलांना इतिहास शिकवलेला माणूस. मला ती रद्दी म्हणवेना. तिच्याविषयीच आज वाचकांशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आत्या बालविधवा. आमच्याच घरी तिचे आयुष्य गेले. तिने जन्मात कधी सिनेमा पाहिला नाही, ही आमच्या घराण्यातली एक ठाम समजूत होती. पण सिनेमाविषयी तिला ठाऊक नव्हते असेही काही नव्हते. हे कसे जमले, ते सांगायचे तर आधी परभणीत वर्तमानपत्र कसे येई ते सांगितले पाहिजे.

मनमाड-काचीगुडा ही आमची मीटरगेज लाईन. मुंबईचा अंक रात्रीच्या मेलने मनमाडला यावा, तिथे त्याने गाडी बदलावी, मग औरंगाबाद, जालना, सेलू करीत आमच्या स्टेशनावर उतरावे. उलट्या दिशेने, हैदराबादेहून, उर्दू पत्रे येत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाची प्रजा, त्यामुळे दरबार उर्दूचा, घर मराठीचे, आणि वर्तमानपत्र ही जपून वाचण्याची चीज. 1929 सालच्या गश्ती निशाण 53 प्रमाणे साध्या सभेलाही परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली ‘मराठवाडा’ काढले, तर त्यावर बंदी येई आणि ते नाव बदलून पुन्हा निघे. वडील सांगत की त्या काळी मुंबई-पुण्याचे पत्र हाती लागले, तर आधी अग्रलेख वाचला जाई आणि मग तो कोणी वाचला ते विसरले जाई! सिनेमाच्या पानाला मात्र कोणत्याच सरकारची हरकत नसे. ते पान आपोआप माजघरात पोचे.

माजघरात त्याची वाट पाहत आत्या बसलेली असे. माझ्या आठवणीतला काळ 1955-56 पासूनचा. शिळ्या अंकाची तिला तक्रार नसे. ‘बातमी शिळी होते, गोष्ट होत नाही’, असे ती म्हणे.

सिनेमा आणि वर्तमानपत्र यांची सोयरीक आपल्याकडे पहिल्याच दिवशी जुळली. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्याची जाहिरात त्याच दिवशीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होती. म्हणजे या देशात सिनेमा दिसण्याआधी तो छापला गेला. पुढे 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ बोलू लागला, 1932 साली ‘सकाळ’ निघाला आणि त्याच साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. 1948 च्या जानेवारीत ‘लोकसत्ता’ आला. सिनेमा वाढत गेला तसतशी त्याची वर्तमानपत्रातली जागाही वाढत गेली.

त्या पानाचे तीन भाग असत. पहिला जाहिरातींचा. थिएटरचे नाव, खेळांच्या वेळा, ‘आठवडा 24 वा’, ‘फ्री पास बंद’, ‘आगाऊ रिझर्वेशन चालू’. आत्या ह्या जाहिराती पंचांग पाहावे तशा पाहत असे. अमुक चित्र मॅजेस्टिकमधून उतरले, तमुक चौथ्या आठवड्यात आले, हे तिला तोंडपाठ असे. ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षे चालला. त्या अवधीत आमच्या गल्लीत दोन मुंजी आणि एक वाटणी झाली, आणि प्रत्येक प्रसंगी आत्याने चित्राचा आठवडा कितवा ते सांगितले होते. पुणे तिने पाहिलेले नव्हते.

दुसरा भाग परीक्षणांचा. त्या वेळचे परीक्षणकार भलतेच दणकट. आचार्य अत्रे ‘नवयुग’मधून आणि पुढे 1956 साली निघालेल्या ‘मराठा’तून सिनेमावर लिहीत, आणि स्वतः सिनेमाही काढीत. त्यांच्या ‘श्यामची आई’ला 1954 साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तेव्हा ज्यांची चित्रे त्यांनी झोडपली होती त्यांना गप्प बसावे लागले. बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ 1935 पासून इंग्रजीत निघे, आणि त्यांच्या शब्दांची निर्मात्यांना धास्ती असे. ख्वाजा अहमद अब्बास ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये परीक्षणे लिहिता लिहिता स्वतःच पटकथा लिहू लागले. मराठी दैनिकांतली परीक्षणे एवढी जहाल नसत. कथानक सांगायचे, संगीत ‘श्रवणीय’ आणि छायाचित्रण ‘स्वच्छ’ म्हणायचे, आणि शेवट पडद्यावरच पाहावा असे सुचवून थांबायचे.

इथेच आत्याचे काम सुरू होई. दुपारी वाती वळायला जमलेल्या बायकांना ती परीक्षणातली गोष्ट सांगे, आणि परीक्षणकाराने राखून ठेवलेला शेवट स्वतः लावून टाकी. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (1952) नायकाला महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे असतात. हे ऐकून बायका हरखल्या. आत्या म्हणाली, ‘‘त्याला महिना कशाला? दोन मुलींची लग्नं काढावी, आठ दिवसांत हिशेब पुरा.’’ ही गोष्ट आई आम्हांला पुष्कळ वर्षे सांगत असे. यथावकाश ते चित्र परभणीला आले. ज्यांना जायला मिळाले त्या पाहून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘चांगला आहे, पण आत्याबाईंचा जास्ती चांगला होता.’’

तिसरा भाग हॉलिवूडचा. परभणीच्या वाड्यात हॉलिवूडचे काय काम, असे कोणी विचारील. पण ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आम्ही लोक, आम्हांला जगाचे वावडे नाही. अमेरिकेत लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन बायकांनी नटनट्यांच्या खाजगी गोष्टी छापण्याचा मोठा व्यवसाय उभा केला होता. दोघींचे एकमेकींशी हाडवैर, आणि दोघींचे स्तंभ गावोगावच्या पत्रांत एकाच वेळी छापून येत. नटनट्या तेव्हा कंपन्यांशी करारांनी बांधलेल्या, म्हणून कंपन्यांची प्रसिद्धिखातीही हवा तो मजकूर आणि फोटो पुरवीत. मेट्रो कंपनीने तर 1938 साली मुंबईत स्वतःचे थिएटरच उघडले होते. त्या साऱ्या मजकुराचे शिंतोडे मराठी उपसंपादकाच्या टेबलावर पडत, आणि जागा भरायची असली की तो त्यांचे भाषांतर करी.

आत्याच्या पेटीत रीटा हेवर्थचे कात्रण आहे. 27 मे 1949 ला तिने फ्रान्समध्ये प्रिन्स अली खान यांच्याशी लग्न केले. अली खान आगाखानांचे चिरंजीव, आणि आगाखानांचा पुण्यातला राजवाडा म्हणजे 1942 साली गांधीजींना आणि कस्तुरबांना स्थानबद्ध केले ती जागा. आत्याने कात्रणावर पेन्सिलीने लिहिले आहे, ‘‘बा गेल्या त्या घरची सून.’’ हॉलिवूडची भानगड तिने एका शब्दात सोयरिकीत बसवून टाकली! दुसरे कात्रण 1956 च्या एप्रिलातले, ग्रेस केली आणि मोनॅकोचा राजा रेनिए यांच्या लग्नाचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा. नकाशात मोनॅको शोधून मी तिला सांगितले की हे राज्य दीड चौरस किलोमीटरचे आहे. 82 हजार चौरस मैलांचे निजामी राज्य चार दिवसांत बुडालेले पाहिलेली ती बाई. ती म्हणाली, ‘‘लहान आहे तेच बरं. सांभाळता येईल.’’

आता मुद्द्याचे बोलतो. एवढ्या कात्रणांत परभणी कुठे आहे? कुठेच नाही. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. मुंबई आमची राजधानी झाली, पण राजधानीच्या पत्रात कॅलिफोर्नियातल्या घटस्फोटाला जागा होती, परभणीच्या टॉकीजला नव्हती. यात संपादकांचा दोष नाही. आमच्या टॉकीजवाल्याने जाहिरात कशासाठी द्यावी? दीड दिवसाने येणाऱ्या अंकातून संध्याकाळचा खेळ कसा भरणार? त्याची जाहिरात टांग्यावरून फिरे. दोन्ही बाजूंना रंगीत फळे, आत भोंगा घेतलेला माणूस, पुढे ताशा, मागे आम्ही पोरे. भोंगेवाला मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत ओरडे आणि गुलाबी, पिवळी हँडबिले उधळी. उरुसात तंबू पडला की आणखी एक टांगा वाढे. ‘आजपासून फक्त तीन दिवस’ हे त्या हँडबिलांवरचे कायमचे वाक्य.

आणि तिथेच इतिहासाची गोची आहे. वर्तमानपत्रावर तारीख असते, ग्रंथालये त्याच्या फायली बांधून ठेवतात. म्हणून 1957 साली मुंबईत कोणत्या शुक्रवारी कोणते चित्र लागले, हे आजही सांगता येते. हँडबिलावर साल नसे, कारण त्याचे आयुष्यच तीन दिवसांचे. भोंग्याचा आवाज तर हवेतच विरला. सिनेमाचा इतिहास फायलींवरून लिहिला गेला आणि तालुक्या-जिल्ह्यांतले लाखो प्रेक्षक त्यातून आपसूक गळले. आमच्या गावाने काय पाहिले, केव्हा पाहिले, किती वर्षे उशिरा पाहिले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

निदान असे मी समजत होतो. पेटीच्या तळाशी पोथीला घातलेले एक गुलाबी वेष्टण निघाले. उलगडून पाहिले तर ‘नागिन’चे हँडबिल. चित्र मुंबईतले 1954 सालचे. हँडबिलावर नेहमीप्रमाणे फक्त ‘शुक्रवारपासून’. पण कोऱ्या बाजूला आत्याच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता, आणि वर लिहिले होते, ‘श्रावण, शके 1879’. म्हणजे 1957 चा श्रावण. कागद काही महिने आधीचा असू शकेल, हे मला कळते. तरी मुंबईहून परभणीला यायला त्या नागिणीला दोन-अडीच वर्षे लागली, हे एका विधवेच्या दूधखात्याने सिद्ध केले. कोणत्याही फायलीत हे मिळाले नसते.

हिशेबाच्या खाली आणखी एक ओळ होती. दूध, दूध, दूध, वाती, आणि मग ‘सिनेमा, 31 न. पै.’

नवे पैसे त्याच वर्षी एप्रिलपासून आले होते. एकतीस नवे पैसे म्हणजे जुने पाच आणे, एक तिकीट. आमच्यापैकी त्या श्रावणात कोणी सिनेमाला गेले नव्हते. घरात कडक श्रावण पाळला जाई, आणि मी हट्ट करून मार खाल्ल्याचे मला स्वच्छ आठवते. टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये पडदा. अंधारात डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईला कोण ओळखणार?

ती कोणाला बोलली नाही. तिची गोष्ट ऐकणाऱ्या बायकांनाही नाही. ‘नागिन’चा शेवट तिने त्यांना कोणता सांगितला, पडद्यावरचा की स्वतःचा, हे सांगायला आता त्यांतली एकही उरलेली नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमचाही माळा उपसला जाईल. जुनी कागदपत्रे टाकताना एकवार उलटी करून पाहा. पुढच्या बाजूला जगाची बातमी असेल, ती कुठेही मिळेल. मागच्या बाजूला आपल्या घराची असेल, ती दुसरीकडे कुठे मिळायची नाही.