सात बिंदू, नऊ रेघा : दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचा एक आलेख

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. दमण, दीव व गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिले. सत्ता एकच असताना तिच्या दोन तुकड्यांचे भवितव्य इतके वेगळे का झाले? स्वातंत्र्यसैनिकांचे शौर्य हे या प्रश्नाचे पहिले आणि खरे उत्तर होय. त्याच्या जोडीला एक दुसरेही उत्तर आहे. ते नकाशात दडलेले असून, ते वाचण्याची भाषा गणिताच्या ‘आलेख सिद्धांत’ या शाखेने घडविली आहे.

येथे आलेख म्हणजे चौकटीच्या कागदावरील वक्ररेषा नव्हे. काही बिंदू आणि त्यांतील जोड्यांना सांधणाऱ्या रेघा एवढाच त्याचा संसार. अंतर, आकार, क्षेत्रफळ यांना त्यात स्थान नाही. कोण कोणाला लागून आहे, एवढेच तो सांगतो. या विचाराचा आरंभ लेओनार्ड ऑयलर याने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात मानला जातो. क्योनिग्सबर्ग नगरातील सात पूल, प्रत्येक एकदाच ओलांडून, फिरता येतील काय, असा तो प्रश्न होता.

आता १९५४ च्या पूर्वार्धातील आपल्या परिसराचा आलेख काढू. सात बिंदू घ्यावेत : भारत, समुद्र, गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली. ज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात त्यांच्यात रेघ ओढावी. भारतापासून गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली अशा पाच रेघा. समुद्रापासून गोवा, दमण व दीव अशा तीन. भारत आणि समुद्र यांच्यातील एक. एकूण नऊ. दादरा आणि नगर हवेली यांच्यात मात्र रेघ नाही, कारण मधली पट्टी भारताची होती.

एखाद्या बिंदूशी जितक्या रेघा मिळतात, त्या संख्येला त्याची ‘कोटी’ म्हणू. भारताची कोटी सहा, समुद्राची चार, गोवा, दमण व दीव यांची प्रत्येकी दोन, दादरा व नगर हवेली यांची प्रत्येकी एक. बेरीज अठरा, म्हणजे रेघांच्या नेमकी दुप्पट. हा योगायोग नव्हे. प्रत्येक रेघेला दोन टोके असतात, म्हणून कोट्यांच्या बेरजेत ती दोनदा मोजली जाते. बेरीज नेहमी सम येते, यावरून असेही निघते की विषम कोटीचे बिंदू कोणत्याही आलेखात सम संख्येनेच असतात.

ऑयलरचा युक्तिवाद याच वाटेने जातो. प्रत्येक रेघ एकदाच चालायची, तर वाटेतल्या बिंदूत एका रेघेने शिरावे आणि दुसरीने निघावे लागते. म्हणून आरंभ व शेवट सोडता सर्वांची कोटी सम हवी. क्योनिग्सबर्गच्या चार भूभागांच्या कोट्या पाच, तीन, तीन, तीन. सारे विषम, म्हणून ती फेरी अशक्य. आपल्या आलेखात विषम बिंदू दोनच आहेत. अखंड जोडलेल्या आलेखात विषम बिंदू दोनच असतील तर अशी वाट असतेच, हा उलट भाग कार्ल हीरहोल्झर याने सिद्ध केला. ती सिद्धता १८७३ साली प्रसिद्ध झाली. पडताळा पाहा : दादरा, भारत, गोवा, समुद्र, दमण, भारत, दीव, समुद्र, भारत, नगर हवेली. नऊही रेघा एकेकदाच चालून झाल्या.

परंतु खरे मर्म पुढे आहे. या आलेखातून ‘भारत’ हा बिंदू त्याच्या रेघांसह पुसून टाका. गोवा, दमण व दीव समुद्रामार्फत जोडलेले राहतात. दादरा आणि नगर हवेली मात्र एकाकी पडतात. जो बिंदू काढताच आलेखाचे तुकडे होतात, त्याला छेदबिंदू म्हणतात. परस्परांना न लागलेल्या दोन बिंदूंना तोडण्यासाठी मधले किमान जितके बिंदू काढावे लागतात, तितक्याच परस्परांपासून स्वतंत्र वाटा त्यांच्यात असतात, असे कार्ल मेंगरचे १९२७ चे प्रमेय सांगते. गोवा आणि दमण यांच्यात अशा वाटा दोन होत्या : एक भारतातून, एक समुद्रातून. गोवा आणि दादरा यांच्यात एकच.

ही एकाकी स्थिती आली कशी? १७७९ च्या तहानुसार पुणे दरबाराने पोर्तुगीजांना काही गावांचा वार्षिक बारा हजार रुपयांचा महसूल देऊ केला. त्यासाठी १७८३ व १७८५ मध्ये सनदा दिल्या गेल्या. तो सरंजाम होता, सार्वभौमत्वाचे दान नव्हते, असा निर्वाळा पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. मराठेशाहीत ही गावे परराज्य नव्हतीच. पेशवाईनंतर ब्रिटिशांनी पोर्तुगीजांची तेथील सत्ता मान्य करून चालविली, तेव्हा हे बिंदू खऱ्या अर्थाने वेगळे पडले.

१९५४ मध्ये २१ जुलैच्या रात्री दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे मराठी तरुण होते. दादरा पडल्यावर भारताने आपल्या भूमीवरून जाणारी वाट बंद केली. सिल्वासाच्या मदतीला दमणहून कुमक येऊ शकली नाही. प्रशासकाने ११ ऑगस्टला शरणागती पत्करली.

पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगला दावा लावला तो या वाटेच्या हक्कासाठीच. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की १९५४ मध्ये खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य मालासाठी तो हक्क भारताच्या नियंत्रणाखाली होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांसाठी नव्हता. आणि वाट रोखण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही. आलेखातली रेघ सर्वांसाठी सारखीच असते. तीवरून कोणी जावे, हे कायदा ठरवतो. गणिताची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. छेदबिंदू कोणता हे ते दाखवते. त्याचा उपयोग करण्याचा निर्णय आणि धाडस माणसांचेच.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. तरी त्याचे भाग आजही परस्परांना लागून नाहीत. सिल्वासाहून दमणला जाताना आपण गुजरातमधील वापी ओलांडतो, आणि कोणाची परवानगी मागत नाही. ज्या घरांनी १९५४ पूर्वीचे दिवस पाहिले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ही साधी गोष्ट सांगून ठेवली पाहिजे.