दारासुरमचा रथ वळतो कसा?

एनसीसीच्या पोस्टिंगमध्ये कॅडेट्सबरोबर देवळं झाडायची संधी भरपूर मिळते. त्या दिवशी आम्ही कुंभकोणमजवळच्या दारासुरम् गावात होतो, ऐरावतेश्वराच्या देवळात. दोन तास प्लास्टिक गोळा केल्यावर पोरं राजगंभीर मंडपाच्या सावलीत बसली. हा मंडप म्हणजे एक दगडी रथच. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात हे देऊळ उभारलं. मंडपाच्या बाजूला कोरीव चाकं आहेत आणि रथ ओढत उधळलेले घोडे आहेत. त्रिपुरासुरावर चालून निघालेल्या शिवाचा हा रथ मानतात. त्या कथेत पृथ्वीच रथ आहे, चंद्र-सूर्य त्याची चाकं आहेत आणि सारथ्याच्या जागी साक्षात ब्रह्मदेव.

मी सहज बोलून गेलो, "हा खरा असता तर वळला कसा असता? आस तर सरळ दिसते."

तिरुवारूरकडचा एक कॅडेट हसला. "सर, मुट्टुकट्टै!"

मग त्याने जमिनीवर बोटाने चौक काढून समजावलं. तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराचा आळीतेर हा शृंगारल्यावर 96 फूट उंच आणि सुमारे 300 टन वजनाचा रथ. दोर ओढायला हजारो माणसं. पण दोर ओढणारे रथाला फक्त पुढे नेतात, वळवत नाहीत. वळवतात ती चाकांशेजारी वाकून चालणारी मूठभर माणसं. त्यांच्या हातात लाकडी पाचरी असतात, त्याच मुट्टुकट्टै. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या चाकाखाली पाचर सरकवली की ते चाक अडखळतं, दुसरं पुढे जातं आणि रथ तोंड फिरवतो. कोपऱ्यावर चाकांखाली ग्रीस फासलेल्या लोखंडी पट्ट्या घालतात, म्हणजे तो घसरत फिरतो. त्रिचीच्या भेलने आता त्याला हायड्रॉलिक ब्रेकही बसवले आहेत, पण पाचरवाले गेलेले नाहीत.

पोराला कल्पना नव्हती, पण त्याने माझ्या दोन आठवड्यांच्या अपमानाचं उत्तर देऊन टाकलं होतं.

झालं असं की रजेवर रामेश्वरमला जाऊन मी काइटसर्फिंग शिकायला घेतलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, बायकोचा सल्ला न मानता. एनडीएत असताना पीकॉक बेवर शिडाची होडी चालवली होती, त्यामुळे वारा आपल्याला कळतो असा समज होता. सरळ जाणं तिसऱ्या दिवशी जमलं. वळणं मात्र जमेना. प्रत्येक वळणावर एकतर पतंग मला पाण्यातून उपटून फेकायचा, नाहीतर स्वतःच मलूल होऊन पडायचा आणि मी मागोमाग बुडायचो.

यंत्रणा तशी सोपी आहे. पतंगाला चार दोऱ्या, वीस-बावीस मीटरच्या. पुढच्या दोन दोऱ्या मधून येऊन कमरेच्या पट्ट्याच्या आकड्यात अडकतात. सगळी ओढ कमरेवर येते. मागच्या दोन दोऱ्या हातातल्या दांडीच्या दोन टोकांना असतात. उजवं टोक ओढलं की पतंग उजवीकडे वळतो. दांडी दोन्ही हातांनी जवळ घेतली की ताकद वाढते, दूर सोडली की कमी होते. पतंगाची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात, आपण लक्ष्य दाखवायला वापरतो तशीच. डोक्यावर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. उजवीकडे चाललात तर पतंग दोनच्या आसपास. वळायचं असेल तर तो बारावर आणायचा, फळी मंदावू द्यायची, टाचांवरचा भार बदलायचा आणि मग पतंग दहाकडे पाठवायचा. उशीर झाला तर बुडता. घाई केली तर बारावरून सुसाट जाणारा पतंग तुम्हाला वर उचलतो. आणि त्या क्षणी घाबरून दांडी छातीशी घट्ट धरली, की संपलं.

मी नेमकं तेच करत होतो. प्रशिक्षक, माझ्या मुलाच्या वयाचा, किनाऱ्यावरून ओरडायचा, "सर, सोडा! सोडा!" वीस वर्षं जिने पकड सैल न करण्याचाच पगार घेतला ती मूठ सोडणार कशी?

खरं म्हणजे हे मला आठव्या वर्षीच माहीत होतं. माझं आजोळ येवल्याचं. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश दिसत नाही. एकाच मांज्यावर उडणारा आपला कागदी पतंग वळतो कशाने? ओढीने नाही, ढिलीने. मांजा ताणलेला असतो तेव्हा तो नाकासमोर सरळ पळतो. ढील दिली की सपाट होऊन गरगर फिरायला लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की लगेच खेच. मामा आसारी धरून एवढंच म्हणायचा, "आधी दे, मग घे." आमच्याकडे दोरी एक होती म्हणून ओढणं आणि वळवणं एकाच हाताला, एकामागून एक करावं लागायचं. ती दोन कामं वेगळ्या दोऱ्यांवर टाकायला मात्र बराच काळ लागला.

पहिलं नाव घ्यावं लागतं ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक याचं. त्याने कर्नल व्हायनी नावाच्या अधिकाऱ्याबरोबर 1826 मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडीचं नाव शारव्होलां. मुख्य दोरीवर पतंग, आणि त्यांना वळवायला व वाऱ्याशी त्यांचा कोन बदलायला वेगळ्या दोऱ्या. इंग्लंडच्या रस्त्यांवर टोल घोड्यांच्या संख्येवर लागायचा. याच्या गाडीला घोडाच नाही, त्यामुळे टोलही नाही! याच गृहस्थाने मार्था या आपल्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने हवेत चढवलं होतं. ती वाचली, आणि पुढे डब्ल्यू. जी. ग्रेस तिच्या पोटी जन्मला. क्रिकेटवाल्यांनी पोकॉकच्या दोऱ्यांचे आभार मानायला हरकत नाही. त्याच 1826 साली इकडे तंजावूरला दुसरे सरफोजी राजे गादीवर होते आणि कुंभकोणम परिसराचा कारभार मात्र कंपनीकडे जाऊन पाव शतक झालं होतं. दोर इंग्रजांच्या हाती, छत्र भोसल्यांचं.

पुढे सॅम्युअल कोडी या तमासगीर अमेरिकनाने 1903 मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार केली. ब्रिटिश सैन्याने त्याला 1906 मध्ये पतंगांचा मुख्य प्रशिक्षक नेमलं, पण सैन्याला हवा होता तो टेहळणीसाठी माणूस वर नेऊन स्थिर राहणारा पतंग. वळणारा पतंग सैन्याच्या कामी आला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन नौदलातल्या पॉल गार्बर यांनी पतंगाला सुकाणू लावलं, दोन दोऱ्यांनी ते हलवायची सोय केली आणि त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवली. जहाजावरचे तोफची त्या गोते खाणाऱ्या पतंगावर नेम धरायला शिकले. मला हा प्रकार फार आवडतो. वळण हेच त्या पतंगाचं काम होतं.

समुद्रावरचा आजचा पतंग ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांचा. हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट त्यांनी 1984 मध्ये घेतलं. पाण्यात पडला तरी तो तरंगतो आणि पुन्हा उठतो. तो नसता तर माझ्यासारख्यांचं शिक्षण पहिल्याच वळणाला संपलं असतं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

एवढं सगळं त्या पोरांना सांगत असताना तिरुवारूरचा कॅडेट एकदम गप्प झाला. म्हणाला, "सर, कळिमेडू."

आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. 27 एप्रिल 2022 च्या पहाटे तंजावूरजवळच्या कळिमेडू गावात रथ वळणावर असताना त्याचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागला. 11 माणसं गेली, त्यात मुलंही होती. सरळ रस्त्यावर सगळ्यांचे डोळे पुढे असतात. वळणावर ते चाकांकडे जातात, आणि वर कोण बघतंय? रामेश्वरमला वारा मोजण्याआधी प्रशिक्षक आम्हाला किनाऱ्यावरच्या तारा दाखवायचा. मला तेव्हा तो उगाच वेळ काढतोय असं वाटायचं.

परतीच्या आधी पोरांना तिथेच बाहेर एकदा "दाहिने घूम" करवलं. आतला जवान जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरचा लांब पावलं टाकतो. आतल्याने घाई केली की रांग फुटते. तिरुवारूरचा कॅडेट आतल्या टोकाला होता. माझ्याकडे न बघता हळूच पुटपुटला, "मुट्टुकट्टै." शिस्तीत बसत नाही, पण मी ऐकलं नाही असं केलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा रामेश्वरमला गेलो. वळणाआधी मनात मोजत होतो: बारा, सोड, थांब, दहा. डावीकडचं वळण आता जमतं. उजवीकडे अजून पडतो.