शंभर मोजेपर्यंत

जानेवारी 1998. सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरमधून तुम्ही नंदुरबार स्टेशनावर उतरता आणि लगेच शिंक येते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली आहे. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल सतरंज्या अंथरल्यासारखं दिसतं. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया मिरची खाली-वर करताहेत. नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. स्वतंत्र जिल्हा होणार 1 जुलैला. तुमचं वय बारा आहे. खिशात एक फ्लॉपी आहे, आणि ती वाकू नये म्हणून तुम्ही सगळ्या वाटेवर खिशावर हात धरून चालता.

माणिक चौकात हुतात्मा शिरीषकुमारांचं स्मारक लागतं. तिथून पुढे एका गल्लीत लाकडी जिना, वर कॉम्प्युटर क्लास. चपला बाहेर काढा. आत खिडक्यांना जाड पडदे आहेत, स्टॅबिलायझरची घरघर चालू आहे, आणि टेबलावर झाकणाखाली तुमचा आवडता सीपीयू. खरं तर सीपीयू म्हणजे आतली चिप, पण इथे अख्ख्या डब्यालाच सगळे सीपीयू म्हणतात. हा 386 आहे. कुठल्या तरी मोठ्या शहरात वापरून झाल्यावर इथे आलेला. समोर हिरवे आकडे पेटतात, त्यांच्या शेजारी एक बटण, त्यावर लिहिलंय टर्बो.

तासाला बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची आणि ज्याचा प्रोग्रॅम बरोबर चालला त्याला शेवटची पंधरा मिनिटं गेम, हा इथला नियम. तुमचा पाढ्यांचा प्रोग्रॅम चालला आहे. तुम्ही क्यूबेसिकमध्ये निबल्स उघडता आणि एफ-5 दाबता. 1991 साली एमएस-डॉस 5 बरोबर आलेला हा गेम सुरू होण्याआधी काही प्रश्न विचारतो. खेळणारे किती? कौशल्य 1 ते 100 पैकी किती? त्याच्याच खाली कंसात एक बारीक सूचना असते, की कॉम्प्युटरच्या वेगाचा तुमच्या कौशल्यावर परिणाम होऊ शकतो. ती सूचना तुम्ही कधी वाचलेली नाही. तुम्ही 10 टाकता.

निळा पडदा, लाल भिंती, पिवळा साप. त्याचं नाव सॅमी. 1 पासून 9 पर्यंतचे आकडे तो गिळत जातो आणि प्रत्येक आकड्याबरोबर लांब होतो. भिंत समोर आली की तुमचं बोट बाणाच्या कळीवर जातं आणि सॅमी अगदी वेळेवर वळतो. मागे तिघं वाकून उभे आहेत. कोणाचा तरी श्वास मानेवर लागतो आणि अहिराणीतून हाक येते, "आते मनी बारी शे!"

आता दोन महिने पुढे या. मार्च. त्याच टेबलाशेजारी नवा पेंटियम आला आहे. विंडोज 95, सीडी ड्राइव्ह, आणि डब्यावर टर्बोचं बटणच नाही. क्यूबेसिक आणि निबल्स फ्लॉपीवर घेऊन तुम्ही त्यात घालता. निबल्सची फाइल जेमतेम 24 केबीची, ती एका दमात जाते. एफ-5. कौशल्य 10. स्पेसबार.

सॅमी मेला.

बोट कळीपर्यंत पोहोचलंच नव्हतं. पुन्हा स्पेसबार, पुन्हा भिंत. पाच जीव संपायला तुम्हाला शिंकेइतकाही वेळ लागत नाही. मागचे तिघं गप्प झाले आहेत. "व्हायरस असेल," एक जण हळूच म्हणतो. तुमच्या पोटात खड्डा पडतो, कारण फ्लॉपी तुम्ही आणली होती.

क्लासमधला मोठा दादा खुर्ची ओढून बसतो. "व्हायरस नाही रे. तू लपाछपी खेळतोस ना? ज्याच्यावर राज्य येतं त्याला किती मोजायला लावता?"

"शंभर."

"सावकाश मोजणारा असला तर तुला लपायला वेळ मिळतो. भरभर मोजणारा असला तर तू दाराशीच सापडतोस. नियम तोच, शंभरच. हा पेंटियम भरभर मोजतो."

मग तो गेमचा कोड वर-खाली करत एका ओळीवर थांबतो. फॉर आणि नेक्स्ट, एवढंच. दोघांच्या मध्ये काहीही नाही. हा रिकामा लूप. साप एक घर पुढे सरकला की कॉम्प्युटरने ठरलेल्या आकड्यापर्यंत नुसतं मोजत बसायचं आणि मगच पुढचं घर गाठायचं. 386 ला ते मोजायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच तुमचा विचार करायचा वेळ होता. तुम्हाला वाटत होतं आपण चपळ आहोत. प्रत्यक्षात समोरचा सावकाश मोजत होता.

हे समजून घ्यायचं तर एक लांब उडी मागे, ऑगस्ट 1981 मध्ये. आयबीएमचा पहिला पीसी बाजारात येतो, वेग 4.77 मेगाहर्ट्झ. त्याच्याबरोबर डाँकी नावाचा छोटा गेम मिळतो. तो लिहिलाय बिल गेट्स आणि नील कॉन्झेन यांनी, बेसिकमध्ये. त्या वेळी सगळे पीसी एकाच वेगाने मोजत होते, त्यामुळे मोजणीवर वेळ ठरवण्यात कोणाला काही गैर वाटलं नाही. पुढे जास्त वेगाची यंत्रं आली आणि जुने गेम सुसाट सुटले. म्हणून डब्यावर ते बटण आलं. टर्बो चालू म्हणजे यंत्राचा नेहमीचा वेग, आणि बंद केलं की यंत्र जुन्या चालीवर येणार. नाव वेगाचं, पण खरा उपयोग वेग कमी करायचा. समोरचे हिरवे आकडेही वेग मोजून येत नसत. डबा जोडणारा आतल्या जंपरवर ते ठरवून ठेवायचा.

पुढचा विचार करणारेही तेव्हा होतेच. त्याच डॉस 5 मधला गोरिला गेम सुरू होताना अर्धा सेकंद यंत्राची मोजणी तपासून घ्यायचा आणि थांबायचं किती ते त्यावरून ठरवायचा. प्रोग्रॅम लिहिण्याच्या टर्बो पास्कलनेही असंच काहीसं केलं होतं, पण पुढे यंत्रं इतकी भरभर मोजू लागली की आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना. मग त्यात लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताच एरर 200 दाखवून बंद पडत.

परत क्लासमध्ये या. दादा कीबोर्ड तुमच्याकडे सरकवतो. "लूपमधल्या आकड्याला 100 ने गुण." तुम्ही गुणिलेची खूण टाकता, 100 टाकता, एफ-5 दाबता.

साप थांबतो. एक घर. मग दुसरं. भिंत जवळ येते, बोट कळीवर जातं, सॅमी वळतो. मागून एकदम ओरडा उठतो. बाराव्या वर्षी, नंदुरबारच्या एका गल्लीत, तुम्ही एका यंत्राला सावकाश मोजायला लावलं आहे. कोडची ओळ म्हणजे आपल्याला हात लावता येईल अशी वस्तू आहे, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. त्यानंतर जे काही शिकलात, ते या एका गुणाकारापासून सुरू झालं.

आता आजच्या घरी या. माळ्यावरच्या खोक्यात ती फ्लॉपी आहे. तिच्यावरचे 24 केबी वाचले असतील तर ते अक्षर न अक्षर जसेच्या तसे असतील. पण तुम्ही ज्याची आठवण काढता तो खेळ तेवढ्यात मावत नाही. त्याचा अर्धा भाग 386 च्या संथपणात होता, आणि तो फ्लॉपीवर उतरवता येत नाही. म्हणूनच 2002 पासून डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. जुना पीसी तो नव्याच्या आत उभा करतो आणि यंत्राने किती भरभर चालायचं हे तुमच्या हातात देतो. कंट्रोल आणि एफ-11 दाबलं की वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ-12 ने वाढतो.

तेव्हा फ्लॉपी असेल तर तिच्यावरचं आजच उतरवून घ्या, चुंबकीय थर दरवर्षी विरत चालला आहे. मग घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. आधी सॅमीला भिंतीवर आपटू द्या आणि साप का थांबत नाही ते त्यांनाच विचारा. उत्तर लगेच सांगू नका. त्यांना तो रिकामा लूप स्वतः सापडू द्या.